मुका काटा

माणसांच्या पायांना हात लावणं, ही माझी नोकरी होती. कुणी विचारलं की मी सांगायची, दवाखान्यात सिस्टर आहे, आणि ते खरंच होतं. पण सांगलीच्या ज्या धर्मादाय दवाखान्यात मी सत्तरच्या दशकात काम केलं, तिथं दर गुरुवारी साखरेच्या रोग्यांची ओपीडी भरायची. त्या दिवशी मी एका बुटक्या स्टुलावर बसून सकाळपासून नुसते पाय बघायची. चेहरा बघायला वर मान करायला सवड कुणाला? आजही एखादा जुना पेशंट बाजारात भेटतो, "ओळखलं का सिस्टर?" म्हणतो, आणि मला काही आठवत नाही. "चप्पल काढा, मग सांगते," म्हटलं की हसतो. मी चेष्टा करत नसते.

आता विश्रामबागेत लेकाकडं राहते. शेजारचे मास्तर दिवाळी अंक काढतात, ते गेले दोन महिने मागं लागलेत की सिस्टर, काहीतरी गमतीदार अनुभव लिहा. गमतीदार म्हणे! पायाच्या ड्रेसिंगमध्ये कसली आलीय गंमत? तरी लिहिते. फराळाचं ताट पुढ्यात घेऊन वाचणाऱ्यांनी आधी ताट संपवावं आणि मग पान उघडावं, एवढं सांगून ठेवते.

साखरेचा आजार म्हणजे लघवीला मुंग्या लागतात, एवढं त्या वेळी खेडोपाडी लोकांना ठाऊक होतं. पण तीच साखर वर्षानुवर्षं आतून नसा खात राहते आणि सुरुवात पायाच्या बोटांपासून करते, हे कुणाच्या गावी नव्हतं. आधी पायाला मुंग्या येतात. मग तळवे जळतात, नाहीतर बर्फासारखे गार वाटायला लागतात. आणि मग एक दिवस सगळा त्रास आपोआप थांबतो. पेशंट खूश! म्हणतो, औषध लागू पडलं. खरं तर नस मेलेली असते. दुखणं गेलं म्हणून आमच्यासाठी पेढे घेऊन आलेला माणूस मी पाहिलाय. साखरेचा रोगी, आणि पेढे. लोणंदहून एसटीत उभा राहून आला होता. पाय उचलून बघितला तर वहाणेचा खिळा टाचेत रुतून बसलेला. मी तो चिमट्यानं ओढून त्याच्या हातात दिला, तर म्हणाला, "हा कुणाचा?"

तपासायची हत्यारं अगदी साधी. कापसाची वात, टाचणी, काचेच्या दोन नळ्या, एकीत गरम पाणी आणि एकीत गार, घोट्यामागच्या शिरेवर मारायची रबरी हातोडी, आणि काटा. काटा म्हणजे दोन लांब पाय असलेला पोलादी चिमटाच म्हणा. तळहातावर आपटला की त्याचे पाय थरथरायला लागतात, आणि त्याची दांडी अंगठ्याच्या हाडावर टेकवली की ती थरथर हाडात शिरते. धडधाकट पायाला ती लगेच कळते. मेलेल्या पायाला कळत नाही. पेशंटला डोळे मिटायला सांगायचं, एकेक वस्तू लावायची आणि विचारायचं. एवढंच काम.

पण त्यात एक मोठी खोट होती. लघवी निळ्या औषधात उकळली की ती खोटं बोलत नाही. साखर जास्त असली की सरळ विटकरी रंग दाखवते. पायाचं मात्र पायाच्या मालकानंच सांगायचं असतं. आणि आमची माणसं भारी सज्जन! सिस्टर एवढ्या खाली बसून विचारतात, तर त्यांना नाही कसं म्हणायचं?

"लागतंय का?"

"लागतंय की."

"कुठं लागतंय?"

"तुमी म्हणाल तितं."

असल्या माणसांची परीक्षा कशी घ्यायची, सांगा.

काही जण तर पायच देत नसत. परक्या बाईनं पायाला हात लावला की म्हातारी माणसं अवघडून पाय पोटाशी घ्यायची आणि मलाच हात जोडायची. ते मला आवडायचं. दुसरी तऱ्हा आवडायची नाही. आमचं घर बौद्ध. वडील लोणंद स्टेशनात माल चढवायचे-उतरवायचे, त्यांनी धर्म बदलला तेव्हा मी शाळेत होते. एक बडे बागायतदार आले, गोड बोलत गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि पाय मागं घेतला. दुसरी सिस्टर बोलवा म्हणाले. डॉक्टरांनी आतून ओरडून सांगितलं, दुसरी नाही, तपासायचं तर हिच्याकडूनच. मग मुकाट्यानं दिला. त्या पायाला कापूस कळला नाही, टाचणी कळली नाही, गरम-गार कळलं नाही. जात तेवढी बरोबर कळली.

असो. सांगत होते ते काट्याचं. आमचा पहिला काटा कुणीतरी ढापला, तर कारकुनानं मिरजेतल्या एका तंबोरे करणाऱ्या कारागिराकडून दुसरा आणला. तो निघाला गाणारा! आपटला की अख्ख्या खोलीत सूर. त्या महिन्यात माझ्याकडं आलेल्या सगळ्यांचे पाय ठणठणीत निघाले. मी चक्रावले. डॉक्टर हसून म्हणाले, बाई, हे पायानं सांगत नाहीत, कानानं सांगतात. आणि मग त्यांनीच मला तो डाव शिकवला. काटा आपटायचा, आवाज होऊ द्यायचा, आणि पायाला लावायच्या आधी गुपचूप दोन बोटांत धरून गप्प करायचा. मग तो मुका काटा हाडावर टेकवायचा आणि विचारायचं. ज्याला खरंच कळतं तो म्हणतो, आता काही नाही. ज्याला काहीच कळत नाही तो म्हणतो, हाय की. नंतर जुन्या मापाचा जाड काटा पुण्याहून आला, त्याचा आवाज कमी, तरी मुक्या काट्याचा डाव मी सोडला नाही.

हवालदार आबांवर तो डाव मी टाकला, आणि तो चालला. पण चालून उपयोग काय झाला, ते पुढं सांगते.

आबा आले ते थंडी सरता सरता. मलकापूरच्या अलीकडचं गाव. घरचा ऊस, आणि प्रत्येक पिढीत एक जण तरी फौजेत. आबा हवालदार होऊन परतलेले, साठीच्या पुढचे, मिशा राखलेल्या, आणि ट्रॉलीवर निजवलं तरी अंगात ताठा. उजवा पाय धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. ते दारात यायच्या आधी त्या पायाचा वास आला. बरोबर मुलगा संपत, आणि आबांची विधवा बहीण आक्का. आक्कांच्या कडेवर एक दीड-दोन वर्षांची पोर, आबांची नात.

फडकं सोडलं. तळवा टाचेपासून बोटांपर्यंत भाजून काळा पडलेला, वरती कसला तरी पाला ठेचून लिंपलेला, आणि त्याच्याखाली पू. डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं झालं?

उत्तर आक्कांनी दिलं. "सुनंनं भाजलं. सांजच्याला निजलेल्या माणसाच्या पायावर तापली वीट ठेवली तिनं."

मग सगळं ऐकायला मिळालं. सून सगुणा, तासगावच्या अंगाची. तिच्या भावाचं लग्न होतं, तिला आठ दिवस आधी माहेरी जायचं होतं, आबांनी एक दिवसच जा म्हणून सांगितलं. त्यावरून घरात कुरबुर झाली. आणि त्याच आठवड्यात आबांचा पाय भाजला. एवढं पुरे होतं. सगुणाला माहेरी पाठवून दिलं होतं, पोर ठेवून घेतली होती, आणि आता सोडचिठ्ठीची बोलणी चालली होती. संपत मान खाली घालून उभा. आबांनीही आक्कांना अडवलं नाही.

डॉक्टरांनी आबांना विचारलं, भाजत होतं तेव्हा तुम्हाला कळलं नाही का? आबा म्हणाले, झोपेत हुतो. एवढंच. भर संध्याकाळी कसली झोप, ते डॉक्टरांनी त्या वेळी विचारलं नाही.

मी ड्रेसिंगला बसले. सडलेली कातडी कात्रीनं कापायला लागले. ही गोष्ट मोठमोठ्या पैलवानांना ओरडायला लावते. आबा मात्र छताकडं बघत संपतला सांगत होते की उसाला पाणी कुठपर्यंत आलं ते बघून ये. चेहऱ्यावर आठी नाही. मी वर बघितलं तर आक्का माझ्याकडं अभिमानानं बघत होत्या. म्हणाल्या, "फौजी माणूस हाय बाई. लय सोसलंय त्यानं. हूं की चूं करणार न्हाई."

तिथंच मला सगळं कळलं, आणि पुढचा घोळही दिसला. ह्या घरात पिढ्यान् पिढ्या माणसं न ओरडण्याचा अभिमान बाळगत आली. तेव्हा आबा ओरडत नाहीत म्हणजे त्यांचा पाय मेलाय, असं त्यांच्यातल्या कुणाच्या डोक्यात येणारच नव्हतं. आबा शूर होते, बस्स.

दुसऱ्या दिवशी मी नीट तपासलं. डोळे मिटवले, कापूस लावला. "हाय," आबा म्हणाले. टाचणी. "हाय." गरम नळी. "गरम." एक-दोनदा चुकले, पण बाकी बरोबर. म्हातारा पक्का होता. कापूस उचलताना माझ्या बांगडीचा आवाज होतो, पहिल्यांदा गरम नळी घेते मग गार, मी श्वास कसा घेते, सगळं टिपत असणार. पापणीच्या फटीतून बघतही असणार. संपत पलीकडं उभा राहून ऐकत होता. मी बांगड्या काढून ठेवल्या. काटा आपटला, बोटांत धरून गप्प केला, चांगल्या दिसणाऱ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

"हाय," आबा म्हणाले. "थरथरतंया."

मी दुसऱ्यांदा मुकाच लावला. "हाय."

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनीही स्वतः लावून बघितला. म्हणाले, दोन्ही पाय गुडघ्याच्या खाली गेलेत. उजवा वाचणार नाही. पण हा माणूस खोटं का बोलतोय, ते तू शोध. मला नाही सांगायचा तो, तुला सांगेल.

मला मात्र आधी सगुणा भेटली. बापाला घेऊन आली होती. वॉर्डच्या दारातून आक्कांनी परत पाठवली, म्हणून आवारातल्या नळापाशी बसली होती, पदर डोक्यावरून पुढं ओढून. विशीतली पोर. मी विचारलं तर घडघड सांगायला लागली. थंडीत मामंजींचे पाय गार पडायचे, म्हणून ते रोज संध्याकाळी शेक मागायचे. ती चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळून पायाला लावायची. ते म्हणायचे, लागत नाही, अजून तापव. ती अजून तापवायची.

"फडकं करपायचं," सगुणा म्हणाली. "मी म्हणलं, मामंजी, भाजंल वं. तर म्हणलं, गप, मला कळतंय."

तिनं हात पुढं केले. दोन्ही हातांची बोटं टोकाला पोळून कातडी निघालेली. ती वीट उचलताना तिला चटके बसत होते, आणि ज्याच्या पायाला लावत होती त्याला बसत नव्हते. ते हात बघायला आजवर कुणी मागितले नव्हते. मी आयुष्यात बरंच बघितलंय, पण त्या दिवशी मला असा राग आला की जेवणसुद्धा गेलं नाही.

मी आबांच्या खाटेशी गेले. दुपारची वेळ होती, संपत खालून भाकरी आणायला गेला होता, आक्का पोरीला घेऊन व्हरांड्यात होत्या. मी सरळच विचारलं, की आबा, तुमच्या पायात जीव नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मी लावला तो काटा मुका होता. खोटं का बोलता?

आबांनी आधी दाराकडं बघून घेतलं. मग म्हणाले, "बाई, महारोगाला बी हेच लावत्यात न्हवं? कापूस आन् टाचणी?"

त्या काळात सरकारी माणसं गावोगाव महारोग्यांची पाहणी करत फिरायची, हे मला माहीत होतं. अंगावरचे चट्टे बघायची, कापूस फिरवायची, कळतंय का विचारायची. पण आमचा गुरुवारचा कापूस आणि त्यांचा कापूस लोकांना एकच वाटत असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. किती जण त्या भीतीनं माझ्यापुढं "हाय, हाय" म्हणून गेले असतील, देव जाणे.

आबांनी सांगितलं. त्यांच्या गावातल्या शिंप्यानं असंच भाबडेपणानं कळत नाही म्हणून सांगितलं. त्याचं नाव महारोग्यांच्या यादीत लागलं. त्याला गावाबाहेर रानात खोपट घालून ठेवलं, त्याच्या बायकोला पाणवठ्यावर कुणी येऊ देईना, पोरं शाळेतून काढली. "पंचांत मीबी हुतो," आबा म्हणाले. "मीच म्हणलं, भाईर ठिवा."

मी त्यांना समजावलं. हा महारोग नाही, साखर आहे. महारोगात चट्टे असतात, नस दोरीसारखी जाड लागते, एका बाजूला जास्त असतं. तुमचे दोन्ही पाय सारखे, मोजा घातल्यासारखे गेलेत. लघवी बघा, विटेसारखी लाल होते. आणि खऱ्या महारोग्यालासुद्धा असं हाकलायचं नसतं, त्यालाही औषध आहे.

"मला तुमचं पटतंय," ते म्हणाले. "गावाला काय सांगू? मुताची बाटली दावू व्हय चावडीत?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "धाकटीचं जमलंय. वैशाखात लगीन हाय. बापाच्या पायाला कळत न्हाई म्हणलं की दुसऱ्या दिशी सुपारी परत येती."

"आणि सुनेचं काय? तिचं लेकरू ठेवून घेतलंय तुम्ही."

"सून," आबा म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं.

लेक आणि सून अशी तागडी मांडून बसला होता म्हातारा, आणि कुठलं पारडं जड होणार ते घराघरांतल्या बायकांना विचारा.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. संपतला व्हरांड्यात गाठलं आणि सांगितलं, तुझ्या वडिलांच्या पायात जीव नाही, तुझ्या बायकोनं मुद्दाम काही केलेलं नाही. तो म्हणाला, सिस्टर, मी माझ्या कानांनी ऐकलं, तुमी टाचणी लावली आन् ते हाय म्हणलं. मी म्हटलं, चल, तुझ्यासमोर परत तपासते. गेलो. आबांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, आज दमलोय, नको. दुसऱ्या दिवशीही नको. मी किती म्हटलं तरी त्या घरात आबांच्या शब्दापुढं माझा काय, डॉक्टरांचा शब्दही कोण धरणार? आक्का तर मला तोंडावर म्हणाल्या, सगुणाच्या बापानं तुमास्नी काय दिलं का? मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही, मास्तरांचा अंक घरोघरी जातो.

उजवा पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टरांनी दुसरा मार्गच उरला नाही म्हणून सांगितलं, संपतनं अंगठा दिला. आठवडा झाला नाही तोच गावाकडून निरोप आला. धाकटीची सुपारी मोडली. हवालदारांचा पाय कापला म्हणजे नक्की महारोगच, साखरेनं कुठं पाय जातो का, असं गावात ठरलं होतं. ज्या लग्नासाठी म्हातारा खोटं बोलला, ते तर मोडलंच.

मला वाटलं, आता तरी सांगतील. आता काय राहिलंय झाकायला? पण माणूस एकदा खोट्यात उतरला की त्याला वर यायला वाट सापडत नाही. आबा आणखीच गप्प झाले. आणि एक नवीनच सुरू झालं. कापलेला पाय जळायला लागला. असं होतं, पाय जातो पण त्याची जाणीव मागं राहते, कधी कधी फार छळते. एका सकाळी मी पट्टी बदलताना आबांनी माझा हात धरला.

"बाई, हितं खाली वीट ठिवलीय का कुणी? काढा तेवढी."

तिथं काही नव्हतं. चादर सपाट होती. मी तोंडाची कडू बाई, माझ्या तोंडून निघून गेलं, "आता लागतंय होय, आबा?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. फौजेतला माणूस, डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही.

सगुणाला पाय कापल्याचं तिच्या गावी कळलं. त्या दिवशी ती एकटीच आली, बापाला न सांगता. भेटायची वेळ होती. वॉर्डच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट आबांच्या तोंडावर यायचं, म्हणून त्यांनी डोळ्यांवर पंचा टाकला होता. संपत उशाशी बसून टॉवेलनं वारा घालत होता. आक्का खाली भिंतीला टेकून पोरीला थापटत होत्या. मी दोन खाटा अलीकडं एकाचं इंजेक्शन करत होते. ती आली ते मला पायांच्या आवाजावरून कळलं नाही, अनवाणी होती.

आक्का उठायला लागल्या. तोवर सगुणा खाटेच्या पायथ्याशी गेली होती. सासरच्या माणसांपुढं आली की सून आधी पाया पडते, तशी ती वाकली. दोन पायांच्या जागी एकच पाय बघून क्षणभर थांबली असेल. मग तिनं तो डावा पाय दोन्ही हातांत धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. आणि तशीच राहिली. तिचा आवाज येत नव्हता, पण पाठ हलत होती. पोळलेल्या हातांनी तिनं तो पाय घट्ट धरला होता. डोळ्यांतलं पाणी पायावरून बोटांकडं वाहत होतं.

संपत वारा घालायचा थांबला. आक्का अर्ध्या उठलेल्या तशाच राहिल्या. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. आबा काय म्हणतात म्हणून आम्ही सगळे बघत होतो. शिवी देतील, पाय ओढून घेतील, नाहीतर डोक्यावर हात ठेवतील.

पंचाखालून आबांचा आवाज आला. साधा, रोजचा.

"संपत, सिस्टर आल्या न्हाईत रं अजून? आज पायाला कुणी हातबी लावला न्हाई."

संपतच्या हातातला टॉवेल खाली पडला. टाचणी सोसणारा माणूस असतो, कात्री सोसणारा असतो, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं. पण आपल्या पायावर डोकं ठेवून कुणी रडतंय आणि बापाला त्याचा पत्ता नाही, ह्याला शौर्य म्हणता येत नव्हतं. तो नुसता त्या पायाकडं बघत राहिला.

सगळे गप्प झालेत हे आबांना जाणवलं. त्यांनी पंचा बाजूला केला. उन्हात डोळे बारीक करून बघितलं. आधी संपतकडं, मग तो बघत होता तिकडं, स्वतःच्या पायाकडं.

"कवा आलीस?" त्यांनी विचारलं.

सगुणानं मान वर केली. "मगाच आले, मामंजी."

आबा तिच्याकडं बघत राहिले. मग संपतकडं न बघताच म्हणाले, "मीच तिला तापव म्हणत हुतो. लागत न्हवतं रं मला."

आक्का उठल्या. मला वाटलं आता तोंड सुटतंय. पण त्या पोरीला घेऊन खाटेला वळसा घालून आल्या आणि पोर सगुणाच्या मांडीवर ठेवून दिली. पोर आधी बिचकली, इतक्या दिवसांत आईला विसरली होती, आणि रडायला लागली.

पुढचं मला ऐकून ठाऊक आहे. सगुणा नांदायला गेली. आबांचा दुसरा पायही पुढं भाजला नाही तरी सडला, आणि त्यातच ते गेले. सगुणानंच त्यांचं सगळं केलं म्हणतात. धाकटीचं काय झालं, कळलं नाही. लोकांनी आमच्या ओपीडीबद्दल काय समजायचं ते समजून घेतलंच होतं, त्या गावातून पुढं कित्येक वर्षं माझ्याकडं पाय दाखवायला कुणी आलं नाही.

त्या दुपारी मी ट्रे घेऊन खाटेशी गेले. सगुणा बाजूला सरकली. आबांचा डावा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत ओला होता आणि त्यांना ते अजूनही ठाऊक नव्हतं. मी कोरडा कपडा घेतला, पाय पुसला, मग प्रत्येक बोट वेगळं करून बेचकीतलं पाणी टिपून घेतलं. साखरेच्या पायाला ओल ठेवून चालत नाही.